सल्ला हवा: सांगलीत ‘वॉयत्सेक’ (1979) दाखवायचा आहे, प्रेक्षकांत माजी सैनिकही आहेत

नेपथ्य_विश्रामबाग
वेर्नर हेरझोगचा ‘वॉयत्सेक’ जुलैच्या खेळाला घ्यायचं आमच्या गटात जवळपास ठरलंय. जागा म्हणजे विश्रामबागेतल्या एका वाचनालयाचं सभागृह. वर पत्रा, 60 खुर्च्या. येणाऱ्यांत निम्मे नाटकवाले, बाकी निवृत्त शिक्षक आणि बँकवाले, शिवाय तासगाव-खानापूर भागातले काही माजी सैनिक. ‘सैनिकाचा सिनेमा’ म्हणून ते हौसेनं येतील आणि पडद्यावर लढाई एकही नाही. एक साधा शिपाई सगळ्यांच्या पायाखाली चिरडला जातो आणि शेवटी आपल्याच बाईला भोसकतो. या प्रेक्षकांपुढे हा सिनेमा लावावा का? लावला तर आधी किती सांगावं? संवाद जर्मन आहेत, इंग्रजी सबटायटल्स सगळ्यांना झेपणार नाहीत, मग मराठी कशी करायची? ज्यांनी नीट पाहिलाय त्यांनी सविस्तर लिहा, नुसतं ‘छान आहे’ नको.

घाटावरचा_प्रेक्षक
लावा. फक्त पत्रकावर ‘युद्धपट’ छापू नका. हा बराकीतला सिनेमा आहे. फ्रान्झ वॉयत्सेकचं पगारात भागत नाही म्हणून तो कप्तानाची दाढी करतो आणि डॉक्टरच्या प्रयोगासाठी फक्त वाटाणे खाऊन राहतो. मिळालेले चार पैसे त्याची बाई मारी आणि पोर यांच्या हातात ठेवतो. लग्न झालेलं नाही, त्यावरून कप्तान त्याला नीती शिकवतो. डॉक्टर त्याची लघवी तपासतो आणि भिंतीशी मुतलास म्हणून झापतो. मग पलटणीच्या बँडचा प्रमुख, म्हणजे ड्रम मेजर, मारीच्या मागे लागतो. सगळी गोष्ट एवढीच. त्याच्यावर गोळी कुणीच झाडत नाही, तरी माणूस आतून संपत जातो, आणि प्रत्येक वरचा माणूस त्याचं थोडं थोडं काढून घेतो.

प्रेक्षकांना सुरुवातीची कवायत नीट बघायला सांगा. गाव, पाणी, शांतता, आणि मग वॉयत्सेक झालेला क्लाउस किन्स्की धावत येतो. हालचालींचा वेग वाढवलेला आहे, त्यामुळे तो चावी दिल्यासारखा दिसतो. त्याला जोर काढायला लावतात आणि वर बूट. पळून पळून सुजलेला तो चेहरा पुढची सगळी 80 मिनिटं तसाच राहतो. शेवटचा खून याच्या अगदी उलट चित्रित केलाय: गती संथ, संवाद नाही, नुसतं संगीत, आणि कॅमेरा किन्स्कीच्या चेहऱ्याला धरून. सुरुवातीला वेग जास्त आणि शेवटी कमी, ही जोडी लक्षात आली की सिनेमा उलगडतो. मधले प्रसंग, दाढीचा किंवा डॉक्टरचा, कॅमेरा एका जागी ठेवून लांबलचक शॉटमध्ये घेतलेत. नाटकवाल्यांना ते लगेच कळेल. इतरांना पहिली पंधरा मिनिटं ‘काही घडतच नाही’ असं वाटेल, म्हणून हे आधी सांगाच.

खून होतो हेही सांगून टाका. मूळ घटना जुनी आणि नोंदलेली आहे. योहान क्रिस्टियान वॉयत्सेक या माजी शिपायानं 1821 मध्ये लाइपझिगला एका विधवेचा खून केला. तो वेडा आहे की शहाणा यावर डॉक्टरी अहवाल झाले, शुद्धीवर होता असा निर्वाळा निघाला आणि 1824 मध्ये भर चौकात त्याचं डोकं उडवलं. गेओर्ग ब्युश्नरनं त्यावरून नाटक लिहायला घेतलं आणि 1837 मध्ये, 23व्या वर्षी, ते अर्धवट टाकून तो वारला. विष्णुदास भाव्यांनी आपल्या सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं ते 1843 साली. ब्युश्नरचं नाटक मात्र रंगमंचावर यायला 1913 उजाडलं. तुमच्या नाटकवाल्यांना या तारखा जरूर सांगा.

कवठेकर_नाट्य
लावायला हरकत नाही, पण सगळं कौतुक मला मान्य नाही. किन्स्की पहिल्याच शॉटमध्ये फुटायला आलेला असतो. डोळे तारवटलेले, ओठ थरथरतायत. मग पुढे ढासळायला राहतं काय? नाटकात वॉयत्सेक काही काळ तरी काम करणारा, हिशेबी माणूस वाटतो. कप्तानाला तो गरिबीवरून जे उत्तर देतो, आमच्यासारख्यांना स्वर्गात गेल्यावरसुद्धा ढगांच्या गडगडाटाचंच काम लागेल अशा अर्थाचं, ते शांतपणे आलं तर जास्त लागतं. इथे ते बोलतानाही तो घायकुतीला आलेला आहे.

दुसरं, ब्युश्नरच्या हस्तलिखितात प्रसंगांचा पक्का क्रम ठरलेला नाही. प्रत्येक दिग्दर्शक तो आपापला लावतो आणि त्यातच या नाटकाची ताकद आहे. हेरझोगनं सरळ रेषेत लावलाय. मारी झालेली इव्हा माटेस मात्र अव्वल. कानातल्या डुलांचा प्रसंग बघा. आरशाचा तुकडा, मांडीवर पोर, आणि वॉयत्सेक आत आल्यावर तिचा हात कानाकडे जातो. कान चित्रपट महोत्सवात 1979 मध्ये तिला साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता.

घाटावरचा_प्रेक्षक
@कवठेकर_नाट्य, तो आधीच ढासळलेला आहे हे खरं, पण मला तो दोष वाटत नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा वाटाण्यांचा प्रयोग बरेच दिवस चाललेला आहे. माणूस उपाशी आहे, झोप नाही, कवायत चालू आहे. मोकळ्या रानात काठ्या तोडताना जमीन पोकळ असल्यासारखं त्याला वाटतं आणि आवाज ऐकू येतात, तेही ड्रम मेजर मारीपर्यंत पोचायच्या आधीच. म्हणजे मत्सरानं वेड लागलं असं सिनेमा म्हणतच नाही. वेडाची तयारी इतरांनी केली, मत्सरानं फक्त दिशा दिली. किन्स्कीनं सावकाश ढासळून दाखवलं असतं तर दोष मारीवर गेला असता.

शिवाय चित्रीकरण कसं झालं तेही बघा. हेरझोगच्याच ‘नोस्फेरातू’चं चित्रीकरण संपल्यावर पाचच दिवसांनी, तीच माणसं घेऊन, चेकोस्लोव्हाकियातल्या तेल्च गावात हा सुरू झाला आणि 18 दिवसांत पुरा झाला. किन्स्कीचा थकवा अंगातला आहे, तो पडद्यावर दिसतोच.

अक्षरजुळणी
सबटायटल्सचं सांगतो. मराठी कराच, पण काम महिनाभर आधी धरा.

आधी तुमच्याकडची प्रत कोणती ते पक्कं करा. युरोपातल्या डीव्हीडी बहुधा सेकंदाला 25 चौकटींच्या असतात, ब्लू-रे 24 च्या आसपास. एकाची सबटायटल फाइल दुसऱ्याला लावली की सुरुवातीला बरोबर वाटतं आणि शेवटी तीन मिनिटांचा फरक पडतो. मग कुणीतरी व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ दाबून मागेपुढे करत बसतो. त्यानं सगळं सरसकट सरकतं, वाढत जाणारा फरक जात नाही. ‘सबटायटल एडिट’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात फ्रेम रेट (सेकंदाला किती चौकटी) बदला, नाहीतर पहिला आणि शेवटचा संवाद कानानं जुळवून मधलं त्यालाच ताणू द्या.

मजकूर डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेणार असाल तर युनिकोडच हवं असं बजावून सांगा. श्री-लिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आला तर पडद्यावर कचरा दिसेल. फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा. जोडाक्षरं आणि वेलांट्या काही संगणकांवर तुटतात, ‘क्ष’ फुटून दोन अक्षरं होतात किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. म्हणून वेगळी फाइल चालवण्यापेक्षा सबटायटल्स चित्रातच छापून घ्या, हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरनं ते होतं. हे प्रतीची परवानगी मिळाल्यावरच करा. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, जाड वळणाचा, पांढरा, काळी कड. पिवळा नको, यात भिंती आणि गवत पिवळट आहेत.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत 35 अक्षरांच्या आत, एक संवाद सहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. कप्तान आणि डॉक्टर सलग बोलतात, तिथे सगळं बसवायचा मोह टाळा. वाचण्यात डोळे गुंतले की किन्स्कीचा चेहरा निसटतो. मेळ्यात जनावरं दाखवणाऱ्याचं भाषण निम्मं कापलं तरी चालेल. आजी मुलांना जी भयाण गोष्ट सांगते ती मात्र शब्दन्‌शब्द ठेवा. आईबाप नसलेलं पोर, कुजक्या लाकडाचा चंद्र, सगळं. सिनेमाचा तळ तिथे आहे.

माणदेशी_वाचक
माजी सैनिकांबद्दल. त्यांना बाजूला काढून ‘तुम्हाला काय वाटलं, तुमचा अनुभव काय’ असं सगळ्यांसमोर विचारू नका. हे सगळीकडे होतं आणि त्यातूनच बिघडतं. माणूस एकतर गप्प होतो, नाहीतर सेनेची बाजू मांडायला उभा राहतो, आणि सिनेमा राहतो बाजूला. चर्चेचा पहिला प्रश्न पडद्यावरचा आणि नेमका ठेवा: डॉक्टर वॉयत्सेकला देतो काय आणि घेतो काय? खिडकीतून मांजर खाली टाकतो तेव्हा ते झेलायला कोण उभा असतो? यावर कुणालाही बोलता येतं. बोलायचं असेल तर तो आपणहून आपलं सांगेल.

पत्रकात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: चाकूनं खून आहे, भास होणारा माणूस आहे, 18 वर्षांखालच्यांना आणू नका. दाराजवळच्या चार खुर्च्या मोकळ्या ठेवा, मध्येच उठायचं असेल त्याला अंधारात दहा गुडघे ओलांडायला लागू नयेत. कुणाला झोप न येणं, दचकून उठणं असा त्रास असेल तर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. पत्रकाच्या मागे तो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं नाव छापा. भाषणात सांगू नका, कागदावर असलं की लोक घरी नेतात.

आणि वॉयत्सेकला रोगाचं नाव चिकटवायला कुणी डॉक्टर बोलावू नका. नाव दिलं की कप्तान सुटतो.

कवठेकर_नाट्य
शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. तारीख गणपतीच्या तालमी सुरू व्हायच्या आधीची धरा, नाहीतर नाटकवाले मिळणार नाहीत.

तिसरी_घंटा
पर्याय हवे असतील तर स्टॅन्ली क्युब्रिकचा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (1957) दीड तासाच्या आत संपतो, कथा सरळ आहे आणि अन्याय कुठे झाला ते प्रत्येकाला कळतं. पहिल्यांदाच असा सिनेमा बघणाऱ्यांसाठी तो सोपा. ग्रिगोरी चुखराईचा ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’ (1959) हळवा आहे, निराश करत नाही, घरच्यांना घेऊन बघता येतो. एलेम क्लिमोव्हचा ‘कम अँड सी’ (1985) सव्वादोन तासांच्या वर आहे आणि अतिशय अंगावर येतो. सबंध गाव जाळल्याचा प्रसंग आहे, मिश्र प्रेक्षकांत लावू नका. याच नाटकावरचा यानोश सासचा हंगेरियन ‘वॉयत्सेक’ (1994) कृष्णधवल आहे, रेल्वे यार्डात घडतो. नाटकवाल्यांसाठी तो पुढच्या महिन्यात जोडीला ठेवा, क्रमाचा वाद त्यांना तिथे घालता येईल. एका दिवशी दोन्ही नकोत.

परवानगीचंही बघा. तिकीट नाही म्हणजे परवानगी नको, असं नसतं. घरी बघायची डीव्हीडी सभागृहात चालत नाही. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाला लेखी विचारा, जर्मन सिनेमांसाठी तिथूनच रस्ता निघतो. पत्रात तारीख, जागा, खुर्च्यांची संख्या आणि प्रवेश विनामूल्य असल्याचं लिहा. गट फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजचा सभासद नसेल तर तीही चौकशी आत्ताच करा, सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेल्या परदेशी सिनेमाला हाच प्रश्न आडवा येतो.

नेपथ्य_विश्रामबाग
सगळ्यांचे आभार. ‘युद्धपट’ शब्द काढला, खुनाचं पत्रकात लिहितोय, मॅक्स म्युलरला पत्र तयार करतोय. आता जागेचं बोला. पडदा 10 फूट रुंद आहे, प्रोजेक्टर 3000 ल्युमेनचा. आणि पत्र्यावर पाऊस लागला तर काय?

अक्षरजुळणी
पडदा चालेल. प्रोजेक्टरवर ‘थ्रो रेशो’ (पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतर) 1.5 लिहिलं असेल तर तो 15 फुटांवर बसेल. खिडक्यांना नुसते पडदे पुरत नाहीत, काळा कागद लावा. जुलैत साडेसातपर्यंत बाहेर उजेड असतो आणि रात्रीची, संध्याकाळची दृश्यं धुऊन निघतील. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर घ्या, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यामागे सबटायटल्स जातात. चित्राच्या कडेला काळ्या पट्ट्या आल्या तर राहू द्या. झूम करून पडदा भरला की वरून डोकी कापली जातात आणि खालून अक्षरं. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळच ठेवा, लांब एचडीएमआय वायरीवर चित्र मध्येच जातं.

पावसाचं म्हणाल तर आवाज वाढवणं हा उपाय नाही. किन्स्की ओरडला की कर्णा फाटतो आणि कुजबूज तरीही ऐकू येत नाही. दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही अंगांना, कानाच्या उंचीवर ठेवा, छताकडे तोंड नको. पहिल्या तीन रांगांमागे आणखी दोन छोटे लावले तर आवाज कमी ठेवूनही मागे पोचतो. फार जोराची सर आली तर सरळ थांबवा आणि सर गेल्यावर प्रसंगाच्या सुरुवातीपासून लावा. प्रसंग सुटे आहेत, त्यामुळे हा सिनेमा हे सोसतो. फक्त तळ्याकाठच्या खुनापासून पुढे थांबवू नका. आणि दिवे लावणाऱ्याला आधी सांगून ठेवा, शेवटी पडद्यावर मजकूर येतो, तो संपेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.