ड्रॅगन बोट: मागच्या बाकांची लय जुळत नाही, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, आमचा हौशी संघ पहिल्यांदाच ड्रॅगन बोटीच्या २०० मीटर शर्यतीत उतरतोय. २० जण वल्ही मारणारे, पुढे ढोलवाला, मागे सुकाणूवर एक. सुरुवातीचे फटके छान जमतात, पण वेग वाढला की मागच्या बाकांवरची वल्ही उशिरा पाण्यात पडतात आणि बोट अडखळते. मागे बसलेले ढोलाच्या आवाजावरून लय धरतात. माझ्या मते नजर पुढच्या वल्ह्यांवर हवी, कारण लय सगळ्यात पुढच्या बाकावरची जोडी ठरवते. हे अंगवळणी कसं पाडायचं? अर्ध्यांनीच वल्हवायचं, बाकीच्यांनी बोट स्थिर धरायची, असा सराव कुणी केलाय का? वजनदार मंडळी मधल्या बाकांवरच बसवावीत ना? सगळे फार मनापासून मेहनत घेताहेत, अनुभवी लोकांनी जरूर सांगा.