धुळ्याला नवा विमानतळ मागण्याआधी जळगावची धावपट्टी लांब करा

गिरणाकाठ (धागाकर्ता)

धुळे आणि नंदुरबारच्या मधोमध कोरी जागा घ्या, मोठा विमानतळ बांधा, उद्योग मागोमाग येतील, अशी मागणी इथं बरेच जण करतात. मला ती पटत नाही. मी जळगावचा आहे म्हणून हे म्हणत नाही.

विमानतळ बांधला की विमानं येतातच असं नाही. कुसुंब्याचा आपला जळगाव विमानतळ २०१२ मध्ये नव्या रूपात खुला झाला. मुंबईचं उडान योजनेतलं (छोट्या शहरांसाठी केंद्राची सवलतीची विमानसेवा) विमान सुरू व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला आणि काही महिन्यांत ते बंदही पडलं. २०१९ ला दुसरी कंपनी आली, तीही टिकली नाही. २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद, पुणे अशी उड्डाणं सुरू झाली, तेव्हा कुठे जीव आला. तळकोकणात चिपीला अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे, ऑक्टोबर २०२१ मध्ये उद्घाटन झालं, तरी २०२४ मध्ये मुंबईची फेरी थांबली. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा २०२३ चा अहवाल पाहा: उडानच्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत आणि तीन वर्षांची सवलत संपल्यावरही चालू राहिले फक्त ५४.

उडानच्या विमानाला उतरण्याचं आणि उभं राहण्याचं शुल्क माफ असतं. म्हणजे ज्या विमानासाठी विमानतळ बांधला, त्याच्याकडूनच उत्पन्न नाही. अग्निशमन, सुरक्षा, हवाई नियंत्रण यांचा खर्च मात्र दिवसाला एक विमान येवो की दहा, करावाच लागतो. मोठ्या शहरांत दुकानं, जाहिराती, वाहनतळ यातून तो भरून निघतो. आपल्याकडे कशातून निघणार?

शिवाय २००८ चं धोरण आहे. चालू नागरी विमानतळापासून हवाई अंतरानं दीडशे किलोमीटरच्या आत नवा विमानतळ काढायचा, तर जुन्यावर काय परिणाम होईल ते तपासून केंद्र निर्णय घेतं. धुळ्याभोवती जळगाव, नाशिकचं ओझर, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, चारही त्या अंतरात येतात.

शिरपूरकर

भाऊ, चारही विमानतळ दीडशेच्या आत आहेत हे नकाशावर खरं. साक्रीच्या माणसाला विचारा, त्यातला जवळचा कोणता. आणि ते धोरण म्हणजे बंदी नव्हे. दिल्लीपासून दीडशेच्या बऱ्याच आत नोएडाच्या जेवर विमानतळाला परवानगी मिळालीच ना?

तुम्ही आजचे प्रवासी मोजताय. विमानतळ आजसाठी नसतो. नवी मुंबईचा विचार १९९७ पासून चालला होता, उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२५ मध्ये. तिथं निदान सिडकोच्या ताब्यात बरीच जमीन होती. आपल्याकडे मनमाड-इंदूर रेल्वेला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, ३०९ किलोमीटर, धुळे-शिरपूरवरून. नरडाण्याला औद्योगिक क्षेत्र आहे, सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. या सगळ्यामुळे जमिनीचे भाव चढले की मग जागा शोधणार का? बांधू नका उद्याच. पण जागा आज ठरवा, राखून ठेवा. जळगावची विमानसेवा सतत का आचके देत होती तेही बघा: धावपट्टी सतराशे मीटरची, सत्तर आसनी एटीआरच्या पुढचं विमान तिथं नीट चालत नाही.

बुराईकाठ

दादा, ‘राखून ठेवा’ हे दोन शब्द तुम्ही सहज लिहिलेत. सातबाऱ्यावर शेरा पडला की बँक कर्जाला हात आखडते, गिऱ्हाईक फिरकत नाही, विहीर खोदावी की नाही हे कळत नाही. विमानतळ वीस वर्षांनी होईल किंवा होणारही नाही, शेतकरी मात्र पहिल्या दिवसापासून अडकला. पुण्याजवळ पुरंदरला २०१६ मध्ये विमानतळाची जागा जाहीर झाली. २०२५ मध्ये त्या सात गावांत मोजणीवरून लाठ्या चालल्या. पोरं शाळेत असताना सुरू झालेलं प्रकरण, आता ती शेती सांभाळायच्या वयाला आली.

आमच्या शिंदखेड्यात सुलवाडे-जामफळ उपसा सिंचन योजनेचं पाणी येणार म्हणून लोक डोळे लावून बसलेत. २०१९ मध्ये पंतप्रधानांनी भूमिपूजन केलं. कोरडवाहू जमिनीला पाणी लागायच्या वेळीच ती काढून घ्यायची? पोट शेतीवरच शे, भाऊ.

शिरपूरकर

बागायत घ्या असं मी म्हटलंच नाही. २०१३ च्या कायद्यात ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला आहे. नवी मुंबईत जमीनधारकांना साडेबावीस टक्के विकसित भूखंड दिले, तसे इथंही मागू. माळरान आणि गायरान बघा.

बुराईकाठ

गायरानावर कुणाची गुरं चरतात? साक्री-नवापूरकडे तर त्या ‘पडीक’ जमिनीवर वनहक्काचे दावे आहेत. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याला चौपट म्हणजे शून्याची चौपट.

भुसावळ जंक्शन

धावपट्टीची रचना हा माझ्या शिक्षणाचा विषय, म्हणून एक मुद्दा मांडते. आपल्याकडचं ऊन या हिशेबात कुणी धरलेलंच नाही. गरम हवा विरळ असते, विमानाला उचल कमी मिळते. त्या उंचीसाठी ठरवून दिलेल्या प्रमाण तापमानाच्या वर दर अंशाला धावपट्टीची लांबी सुमारे एक टक्का वाढवावी लागते. आपल्या उंचीवर प्रमाण तापमान साधारण तेरा अंश, आणि मे महिन्यातली रोजची कमाल बेचाळीसच्या आसपास. म्हणजे जवळजवळ तीस टक्के जास्त. तेरा अंशांना जिथं दोन हजार मीटर पुरतील, तिथं सव्वीसशे लागतील. नवी जागा घ्या नाहीतर जळगाव वाढवा, दोन्हीकडे हाच हिशेब लागू आहे. एवढी लांबी मिळणार नसेल तर मोठ्या विमानांची स्वप्नं दाखवू नयेत.

केळीबाग

केळीची निर्यात होईल असं कुणी सांगायला आलं तर ऐकू नका. रावेर-यावलची केळी शीतपेट्यांतून न्हावाशेव्याला जाते, तिथून जहाजानं. वजनदार आणि स्वस्त मालाला विमानाचं भाडं झेपत नाही. आम्हाला पॅकहाऊस आणि वेळेवर कंटेनर द्या.

गिरणाकाठ

ताई, सव्वीसशेचा हिशेब दिलात, आभार. माझी मागणी त्यावरच येते: कुसुंब्याला आणखी नऊशे मीटर मिळतात का, किती घरं आणि शेतं त्यात जातात, हे मोजून आकडे आधी लोकांसमोर ठेवा. तोवर धुळे-नंदुरबारच्या एकाही सातबाऱ्याला हात लावू नये.

शिरपूरकर

मोजा, माझी हरकत नाही. पण त्याच अहवालात धुळ्याच्या गोंदूरची धावपट्टीही घ्या. वैमानिक तिथं शिकतात, जागा सरकारच्या ताब्यात आहे. फक्त जळगावच मोजलंत तर पश्चिम खानदेशाला पुन्हा बाहेर बसवलं, असंच मी म्हणेन.