डेबियन १२ ते १३: अपग्रेडच्या टिपांचा क्रम आणि पीओ फाइलींचा घोळ

प्रश्न (टिपणकार): डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२ वरून १३ वर जाण्याच्या अपग्रेडचं मराठी पान सांभाळतोय. भाषांतर पीओ फाइलींत आहे, म्हणजे मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर जोडीनं ठेवणाऱ्या फाइलींत. वाचक वरच्या कमांड कॉपी करतात, खालचे इशारे वाचतच नाहीत. क्रम कसा लावू? शिवाय मूळ मजकूर बदलला की पानावर मराठीऐवजी इंग्रजी वाक्यं दिसतात. का?

कर्नलकट्टा: ज्यामुळे अपग्रेड सुरूच करू नये, ते कमांडच्या वर हवं. ११ वरून थेट १३ वर जाता येत नाही, आधी १२ करावंच लागतं. ३२-बिट आय-३८६ (जुन्या पीसी प्रोसेसरांसाठीची आवृत्ती) यंत्रणा १३ वर नेऊच नका. बूटचं विभाजन (यंत्रणा सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा भाग) वेगळं असेल तर ते किमान ७६८ एमबी आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळी जागा, हे आकड्यांसकट लिहा. "पुरेशी जागा ठेवा" याचा कुणालाच उपयोग नाही.

रीबूटनंतर जाणवणारे बदल वेगळ्या भागात. उदा. टेम्प (तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डर आता मेमरीत असतं, निम्म्या रॅमपर्यंत वाढतं. डिस्कवरच्या त्यातल्या जुन्या फाइली पुसल्या जात नाहीत, त्याच जागी जोडलेल्या मेमरीतल्या नव्या फोल्डरखाली झाकल्या जातात. हे नाही लिहिलं तर माणूस घाबरतो.

पीओपाटी: मूळ वाक्यात स्वल्पविराम जरी हलला तरी एमएसजीमर्ज (पीओ फाइल नव्या मूळ मजकुराशी जुळवणारं साधन) जुनं भाषांतर 'फझी' म्हणजे तपासायचं बाकी ठरवतं, आणि पान बनवताना ते वगळलं जातं, म्हणून तिथे इंग्रजी दिसतं. 'फझी'ची खूण सरसकट काढू नका! बदल कधी आवृत्तीच्या आकड्यात असतो. एमएसजीमर्जला 'प्रीव्हियस' पर्याय द्या, म्हणजे जुनं मूळ वाक्यही फाइलीत राहतं आणि फरक लगेच दिसतो.

टिपणकार: 'प्रीव्हियस' माहीत नव्हतं. आभार, आजच लावतो.