समुद्रकिनाऱ्यावरची मागणी आणि तिची छायाचित्रे: तुम्ही जागा कशी निवडली?

किनाऱ्यावर लग्नाची मागणी घालायची आणि तो क्षण छायाचित्रात टिपून ठेवायचा, असे ठरवणारी मुलेमुली अलीकडे बरीच दिसतात. ज्यांनी मागणी घातली, ज्यांना ती घातली गेली आणि ज्यांनी कॅमेरा धरला, अशा सर्वांनी आपला अनुभव येथे लिहावा. ‘खूप सुंदर जागा होती’ एवढ्यावर न थांबता वेळ, गर्दी आणि प्रकाश यांबद्दलही सांगावे, ही विनंती.

छायाचित्रकार, वेंगुर्ले

कोणी सागरेश्वर किंवा भोगव्याच्या किनाऱ्याचे नाव घेऊन आले की मी आधी तिथी पाहतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनारपट्टीवरचा जुना हिशेब आहे. त्यानुसार चतुर्थीला तीनच्या आणि अष्टमीला सहाच्या सुमारास भरती येते, आमच्याकडे त्याहून थोडी आधीच. पौर्णिमा-अमावास्येला मात्र दुपारी उधाण येऊन गेलेले असते, त्यामुळे सूर्यास्ताच्या सुमारास पुळण दूरवर उघडी पडते, ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ थर राहतो आणि आकाशाचे सगळे रंग त्यात उतरतात. हे प्रतिबिंब ज्यांना हवे असेल, त्यांनी अष्टमी टाळावी.

दुसरी गोष्ट उन्हाची. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून समुद्र पाठीशी ठेवून उभ्या राहिलेल्या जोडप्याचे चेहरे सूर्य मावळताना काळवंडतात. मी सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी सुरूच्या बनाच्या कडेला, किनाऱ्याला समांतर कॅमेरा लावून बसतो. उन्हाची तिरीप बाजूने येते आणि मुलीच्या चेहऱ्यावरचे भाव स्पष्ट दिसतात. सूर्यबिंबासमोरची काळी आकृती नंतर सावकाश काढता येते, तिच्यासाठी कोणाला पुन्हा गुडघा टेकावा लागला तरी बिघडत नाही.

ड्रोन हवा असेल, तर भोगव्याजवळ चिपीचा विमानतळ आहे, हे लक्षात घ्यावे. विमानतळाच्या परिसरात परवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही आणि मी तसा उडवतही नाही.

जिला मागणी घातली गेली ती, कोल्हापूर

आम्ही गणपतीपुळ्याला दर्शनासाठी गेलो होतो, म्हणजे मला तरी तसेच सांगण्यात आले होते. हे निमित्त त्याने फार विचारपूर्वक निवडले होते, कारण देवळात जायचे म्हणून मी आपणहून पैठणी नेसले आणि मला जराही संशय आला नाही. परतताना आम्ही आरे-वारेला थांबलो. वरच्या रस्त्यावरून दोन्ही किनारे एका नजरेत दिसतात, पण तेथे गाड्या उभ्या करून प्रत्येक जण स्वतःचे फोटो काढत असतो. त्याने मला खाली वाळूवर नेले, याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे. चारचौघांत मला ‘नाही’ म्हणणे अवघड गेले असते, आणि ‘हो’ म्हणायचे असले तरी ते अनोळखी माणसांच्या टाळ्यांत म्हणायचे नव्हते. एप्रिलमधला दुपारनंतरचा वारा मात्र कोणी हिशेबात धरला नव्हता, त्यामुळे निम्म्या छायाचित्रांत माझ्या चेहऱ्याऐवजी पदरच दिसतो.

नवऱ्यामुलाची बहीण, पनवेल

दादाला काशीदच हवे होते, कारण तेथील वाळू पांढरी आहे. शनिवार-रविवारी तेथे घोडागाड्या आणि बनाना राइडवाल्यांची गर्दी असते, म्हणून आम्ही मंगळवार निवडला. तेवढ्याने काम झाले.

दक्षिण गोव्यात राहुट्या चालवणारे

पाळोळेहून होडीने बटरफ्लाय बीचला नेऊन मागणी घालायची, अशी चौकशी आमच्याकडे नेहमी होते. जागा लहान आणि देखणी आहे, परंतु भरतीला तेथे उभे राहायला वाळू फारशी उरत नाही, म्हणून होडीवाला सांगेल तीच वेळ धरावी. अगोंदला रात्री दिव्यांची आणि मेणबत्त्यांची आरास मांडून द्या, असे सांगणाऱ्यांना मी हंगामात सरळ नकार देतो. अगोंद, गालजीबाग आणि मोरजी येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, आणि उजेडामुळे मादी किनाऱ्यावर न चढता परत फिरू शकते. पिल्लेही समुद्र सोडून दिव्यांकडे वळतात. छायाचित्रे उजेड आहे तोवर काढावीत, जेवण नंतर आत करावे.

ज्याने मागणी घातली तो, न्यू जर्सी

कोकणात वाढलेल्या माणसाला सूर्य समुद्रातच मावळतो असे वाटते. इकडे अटलांटिकवर तो समुद्रातून उगवतो, आणि पहाटे पाचला तिला उठवून किनाऱ्यावर नेण्याइतके आमचे नाते तेव्हा मुरलेले नव्हते. म्हणून आम्ही न्यू जर्सीतल्याच केप मे या गावाच्या टोकाला, डेलावेअर उपसागराकडे तोंड असलेल्या सनसेट बीचवर गेलो, कारण तेथे मावळतीला पाणी मिळते. समोर 1926 साली अडकलेल्या काँक्रीटच्या जहाजाचे अवशेष आहेत, त्यामुळे चौकटीत आपोआप एक खूण येते. उन्हाळ्यात तेथे सूर्यास्ताला ध्वज उतरवण्याचा समारंभ होतो आणि राष्ट्रगीताला सगळे उभे राहतात; त्या वेळी गुडघ्यावर बसणे शोभले नसते, म्हणून मागणी अर्धा तास आधी उरकली. तेथे पायाखाली गारगोट्याच फार आहेत, ज्यांना लोक ‘केप मे डायमंड’ म्हणून वेचतात. गुडघा टेकण्यापूर्वी तेवढी जागा पायाने साफ करून घ्यावी. माझ्या छायाचित्रांतले हसू पाहून तिच्या आईने मला दात दुखतो का, असे विचारले होते.