नायजेरिया: ख्रिस्ती लोक मारले जातात ते धर्मापायी की जमिनीपायी?

सुका_बोंबील
नायजेरियात चर्चवर हल्ला झाला की आपल्याकडे बातमी आलीच तर दोन ओळींची येते, आणि त्यात ठरलेला शब्द असतो: 'शेतकरी-गुराखी संघर्ष'. या शब्दाचा मला वीट आलाय. 5 जून 2022, पेंटेकॉस्टचा रविवार. ओवो शहरातल्या सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये (हो, ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे तेच संत) मिस्सेला जमलेल्यांवर गोळीबार झाला, स्फोट झाले. 40 च्या आसपास माणसं गेली. कुणाची गुरं कुणाच्या शेतात शिरली होती तिथे?

फेब्रुवारी 2018 मध्ये दापचीच्या शाळेतून 110 मुली पळवल्या. पाचजणी दगावल्या, बाकीच्या महिन्याभरात सुटल्या. एक तेवढी मागे ठेवली, कारण ती ख्रिस्ती होती आणि धर्म सोडायला तयार नव्हती. याला छळ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

माळरान
ओवो, दापची मान्य. ते जिहादी गटांचं काम. पण मधल्या पट्ट्यातली, म्हणजे बेन्वे आणि प्लॅटो राज्यांतली गोष्ट वेगळी आहे. आमच्याकडे पिकं निघाली की धनगर येतात, शेतकरी आपणहून रानात मेंढ्या बसवून घेतो. खत याला, चारा त्याला. फुलानी (बहुतेक मुसलमान) गुराखी आणि तिथले शेतकरी यांचंही पिढ्यान्‌पिढ्या असंच जमत होतं. मग चॅड सरोवर आटत गेलं, लोकसंख्या 20 कोटींच्या वर गेली, गुरांच्या वाटांवर नांगर फिरले. कळप दक्षिणेकडे सरकले आणि गाठ पडली ती ख्रिस्ती तिव शेतकऱ्यांशी. 2017 मध्ये बेन्वेने मोकळ्या चराईवर बंदी आणली. 2018 च्या नववर्षदिनी गावांवर हल्ले, 73 जणांचं एकत्र दफन.

आता वायव्येकडच्या झांफारा राज्यात बघा. लुटारू बहुतेक फुलानी, मरणारे शेतकरी हौसा. दोघंही मुसलमान. तिथे कुठला धर्म आडवा आला?

सुका_बोंबील
धनगराची उपमा चांगली आहे हो, पण धनगर रात्री येऊन झोपलेल्या निर्वासितांना जाळत नाही. बेन्वेतलं येलवाटा, जून 2025. ॲम्नेस्टीने मृतांचा आकडा 100 च्या वर सांगितला, पोप लिओंनी त्या रविवारी सुमारे 200 म्हटलं. आणि 2023 चे प्लॅटोतले हल्ले? जमीनच हवी होती, तर मुहूर्त नाताळच्या आदल्या दिवसाचाच कसा सापडला?

अवकाळी
मणिपूरवर धागा कधी काढताय?

सुका_बोंबील
तुम्ही काढा, पहिला प्रतिसाद माझा.

जुना_खडू
माळरान, जमिनीचं गणित पटलं, पण ते पुरत नाही. उत्तरेतल्या 12 राज्यांत 1999 नंतर शरियाचा फौजदारी कायदा आला. मे 2022 मध्ये सोकोटोत एका ख्रिस्ती विद्यार्थिनीला धर्मनिंदेच्या आरोपावरून कॉलेजातल्याच जमावाने ठार केलं. तिथे ना गुराखी होता, ना बोको हरामसारखा जिहादी गट.

तरी 'ख्रिस्त्यांचा वंशसंहार' ही ट्रम्पछाप मांडणी मी मान्य करणार नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये कानोच्या मोठ्या मशिदीत शुक्रवारच्या नमाजाला बॉम्ब फुटले, शंभरावर लोक गेले. ईशान्येकडच्या बोर्नो राज्यात बोको हरामने मारलेल्यांत मुसलमानच जास्त. त्यांना वगळून मोजणी करायची असेल तर ती मोजणी वॉशिंग्टनच्या सोयीची.

सुका_बोंबील
वंशसंहार मी म्हटलेलंच नाही. छळ म्हटलंय. वर चढून पुन्हा वाचा.

माळरान
बरं, एक प्रसंग सांगतो. जून 2018, प्लॅटो. हल्ल्यातून पळालेल्या 262 ख्रिस्ती लोकांना अबुबकर अब्दुल्लाही नावाच्या म्हाताऱ्या इमामाने मशिदीत आणि स्वतःच्या घरात लपवलं. हवं तर मला मारा म्हणून हल्लेखोरांना आडवा गेला. दोन धर्मांचं वैर असतं तर हे झालं असतं?

सुका_बोंबील
उलट आहे. लपवायला लागले ते कोण? ख्रिस्तीच ना?

माळरान
हो. आणि इमामाने कारण काय दिलं माहितीय? 40 वर्षांपूर्वी त्या मशिदीसाठी जागा गावातल्या ख्रिस्त्यांनीच फुकट दिली होती. म्हणजे फिरून जागेपाशीच आलो की.