मदत हवी आहे: जपानचा रेल्वे पास घेऊ की नको? (आज रात्रीपर्यंत ठरवायचंय)

पानगळ: नमस्कार. जपानला एकटी चालले आहे, पानांचे रंग बघायला. टोकियो, निक्को, क्योटो, हिरोशिमा असं ठरवलंय. एजंट सात दिवसांच्या जेआर (जपान रेल्वे) पाससाठी मागे लागलाय, आजचा भाव उद्या मिळणार नाही म्हणतो. व्हिडिओ बघून गोंधळ आणखी वाढलाय. पास घेऊ की नको, एवढंच सांगा. लवकर, प्लीज.

डोंबिवलीकर: डोळे मिटून घ्या. आम्ही २०१८ मध्ये चौघांनी घेतला होता. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन जवळजवळ सगळे पैसे वसूल झाले.

कासाईकर: २०१८चा हिशोब आता लागू नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० झाला. टोकियो-क्योटो एका वेळचे साधारण १४ हजार पडतात. पानगळ, तारखा कोणत्या? कुठून कुठे, कोणत्या क्रमाने?

अनुभवी_भटका: जपानला जाणाऱ्याने टोकियोला उतरावं आणि ओसाकाहून परतावं. उलटा प्रवास वाचतो. मी नेहमी सगळ्यांना हेच सांगतो.

पानगळ: विमानाचं तिकीट झालंय, मुंबई-टोकियो-मुंबई. ते आता बदलता येत नाही. मी पासबद्दल विचारतेय.

कासाईकर: आणि तारखा?

पानगळ: हो, राहिल्याच. १२ नोव्हेंबरला पोचते, २३ला रात्री परत. आधी क्योटो, मग हिरोशिमा, शेवटी टोकियो आणि निक्को.

कासाईकर: मग पासच्या आधी क्रम बदला. रंग उत्तरेकडून आणि उंचावरून खाली उतरतो. उत्तरेच्या होक्काइदो बेटावरच्या दाइसेत्सुझान डोंगरांवर तो सप्टेंबरमध्येच येतो, निक्कोच्या वरच्या चुझेन्जी तळ्याकाठी ऑक्टोबरअखेर. तुम्ही २० तारखेनंतर गेलात तर तिथे रिकाम्या फांद्या दिसतील. उलट क्योटोत तोफुकुजी आणि एइकानदो ही मंदिरं नोव्हेंबरच्या उत्तरार्धात भरात येतात. म्हणून पोचल्या पोचल्या निक्को. तळ्याकाठचा रंग गेला असेल, पण खाली तोशोगू देवळाच्या आसपास मिळण्याची आशा आहे. क्योटो शेवटी ठेवा. २३ला तिकडे सरकारी सुट्टी असते, क्योटोची खोली आजच बघा.

आता पास. टोकियो-हिरोशिमा-क्योटो-टोकियो अशी सुटी तिकिटं काढलीत तर साधारण ४५ हजार येन होतात. पास ५० हजारांचा, शिवाय सर्वांत वेगवान नोझोमी गाडीला त्यावर वेगळे पैसे. आणि पासचे सात दिवस सलग मोजतात.

डोंबिवलीकर: फरक फक्त पाच हजार येनचा! एकट्या बाईने दर वेळी खिडकीवर तिकिटं काढत बसायचं का? गाडी चुकली तर पासवाला सरळ पुढच्या गाडीत चढतो. मनाला स्वस्थता असते, तिची किंमत नाही का?

कासाईकर: स्वस्थता महत्त्वाची हे मान्य. पण आरक्षित गाडी चुकली तरी त्याच दिवशी पुढच्या गाडीच्या विनाआरक्षण डब्यात बसता येतं. तिकिटं यंत्रावर मिळतात, त्यावर इंग्रजी असतं. एक मात्र लक्षात ठेवा: बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर या मार्गावरच्या शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बॅगेच्या जागेसह आरक्षण लागतं.

खादाडखाऊ: प्रवासाचं होईल हो. खायचं काय? थेपले, मेतकूट, कपवाला उपमा भरपूर न्या.

मेधा_पु: बारा दिवस थेपल्यांवर काढायचे? ताई, तुम्ही शाकाहारी आहात का, ते आधी सांगा.

पानगळ: शाकाहारी आहे. अंडंही नाही.

मेधा_पु: मग हे नीट वाचा. भाजीचं दिसणारं सूपसुद्धा बहुतेक वेळा दाशी नावाच्या रश्शात केलेलं असतं, आणि दाशी सहसा सुकवलेल्या माशाच्या किसाची. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ‘दाशी नको’ हे जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवा. मी कोयासान या डोंगरावरच्या तीर्थक्षेत्री मंदिरात राहिले होते, तिथलं शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठातलं जेवण, पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. एक रात्र तरी जाच.

अभ्यासू: अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला. मराठी माणसाने तिथवर जाऊन तो न बघता येऊ नये.

कासाईकर: ओसाकाच्या नाम्बाहून कोयासानला जाणारी रेल्वे खासगी आहे, जेआर पास तिथे चालत नाही. पास न घेण्याचं आणखी एक कारण.

डोंबिवलीकर: ठीक, वाढलेला भाव मला माहीत नव्हता. तरी धावपळ नको असेल तर हिरोशिमा गाळा. पैसेही वाचतील.

पानगळ: हिरोशिमा गाळणार नाही. मी शाळेत शिकवते. दर ६ ऑगस्टला वर्गात सादाको सासाकीची, अणुबॉम्बमुळे आजारी पडून कागदाचे क्रौंच करत राहिलेल्या मुलीची, गोष्ट सांगते आणि मुलं कागदाचे क्रौंच करतात. या वर्षीचे मी बरोबर नेतेय, मुलांना तसा शब्द दिलाय.

पास घेत नाही, एजंटाला आत्ताच कळवलं. निक्को आणि टोकियो आधी, मग हिरोशिमा, शेवटी क्योटो. कोयासान ओढून बसवत नाही, पुढच्या वेळी शांतपणे जाईन. एकच विचारायचंय: ते क्रौंच तिथे कुणाकडे द्यायचे?

कासाईकर: कुणाकडे द्यायचे नाहीत, स्वतः ठेवायचे. शांती उद्यानात मुलांचं स्मारक आहे, १९५८चं, वर क्रौंच उचलून धरलेली मुलगी. त्याच्याभोवती काचेची दालनं आहेत, आत जगभरातून आलेल्या माळा टांगलेल्या असतात. सुटे नेऊ नका, इथूनच दोऱ्यात ओवून न्या.

पानगळ: उद्या मुलांकडूनच ओवून घेते.