वाक्याच्या शेवटी गिळले जाणारे ‘नाहीत’

आवाज मोठा असला की रंगमंचावरचे निम्मे काम झाले, हे मत मला अर्धेच पटते. अभिनयवर्गातले पहिले काही आठवडे मीही नुसता ओरडत होतो आणि घसा बसवून घरी येत होतो. मग एके दिवशी आमच्या बाईंनी मला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसवून एका सहकाऱ्याचे वाक्य ऐकायला लावले. ‘मी तुझे पैसे परत दिले नाहीत’ हे ते वाक्य. आवाज दणदणीत, पण श्वास संपल्यामुळे ‘नाहीत’ घशातच राहिले आणि मला नेमका उलटा अर्थ ऐकू आला. मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा वाक्याच्या अखेरीस येतात, म्हणजे नवख्या नटाचा दम जिथे संपतो तिथेच वाक्याचा जीव असतो, ही गोष्ट त्या मतात सुटून जाते.

यावर बाईंनी दिलेला सराव असा: तळहात खालच्या बरगड्यांवर ठेवून, खांदे न उचलता श्वास घ्यायचा आणि वाक्य शेवटाकडून बांधत यायचे, आधी ‘नाहीत’, मग ‘दिले नाहीत’, मग ‘परत दिले नाहीत’. स्वरांमुळे आवाज लांब जातो, पण शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे, त्यामुळे ‘त’ दातांवर स्पष्ट आपटलाच पाहिजे. (ध्वनिक्षेपक असला तरी यातून सुटका नाही, न उच्चारलेले अक्षर तो कुठून आणणार?) रंगमंचावरच्या वावराचे म्हणाल, तर श्वासासाठी दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहू लागल्यावर माझी चुळबूळ आपोआप कमी झाली.